दांड्याची वाट मुकी का ठरली

डोंगर चढायला दांडा अवघड की ओढा, यावर पुतण्याचं आणि त्याच्या मैत्रिणीचं मघापासून चाललं होतं. जेवणं झाली, भांडी झाली, वीजही जाऊन आली, तरी निकाल लागेना. पुतण्याच्या फोनवर दांड्याला साडेचार तारे होते. मैत्रिणीच्या फोनवर कुणा शहाण्याने ओढ्याबद्दल लिहिलं होतं, 'गुडघे नको झाले असतील तर जरूर जा.' तारे देणारा कोण, केवढा, चढताना त्याच्या पायात बूट होते की चपला, कशाचा पत्ता नाही. पण छापून आलं की ते खरं, आणि फोनवर आलं की त्याहून खरं.

"दांड्याला बंदीची पाटी आहे ना रे?" मी विचारलं.

"आहे की. लोक पाटीच्या बाजूने जातात," पुतण्या म्हणाला. "आम्ही पहाटे निघतोय, काका. सूर्योदय वरून बघायचा."

"ती पाटी मी टाइप केली होती."

"मग तुम्हीच सांगून टाका, दोन्हींत जास्त अवघड कुठली?"

"सांगतो. एका शब्दात नाही सांगता येणार. फोन पालथे ठेवा."

"भुताची गोष्ट असली तर आधी बोला हं," पुतण्या मैत्रिणीकडे बोट दाखवून म्हणाला. "हिला मग घरी सोडायला जावं लागतं."

"मला? आणि दिवा लावून झोपतं कोण?"

भूत आहे की नाही ते मला ठाऊक नाही. माझी सगळी नोकरी वाटांच्या खात्यात गेली, पण मी स्वतः एकही डोंगर चढलो नाही. खात्याचा जिना चढायचो, तेवढ्यात भागायचं. ज्याच्यावर हे गुजरलं तो माणूस शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि त्याला खोटं बोलता यायचं नाही. म्हणूनच त्याला बढती मिळाली नाही.

त्यांना सगळे धापेमास्तर म्हणायचे. खरं आडनाव वेगळं होतं, ते पगाराच्या दिवशी कळायचं. वाटांना दर्जा देणं हे त्यांचं काम. चढ किती, उंची किती, अंतर किती, हे सगळं कागदावर जायचं. पण दर्जा ठरायचा बोलण्यावर. दोघांनी चढायचं, एक पुढे, एक मागे. मागच्याने बोलत राहायचं. काहीही चालेल, सासूची गाऱ्हाणी चालतील, पण थांबायचं नाही. माथ्यापर्यंत तो अख्खी गोष्ट रंगवून सांगू शकला तर वाट सोपी. गोष्ट तुटून सुटी वाक्यं उरली तर मध्यम. वाक्यांचे शब्द झाले की कठीण. आणि तोंडातून नुसती हवा यायला लागली की ती मुकी वाट. पाटीवर आम्ही 'अतिकठीण' लिहायचो, आपसात मुकी म्हणायचो. मुकी वाट लोकांना बंद.

"मागच्याच्याच बोलण्यावर का?" मैत्रिणीने विचारलं. ती बँकेत आहे, तिला प्रत्येक नियमाचं कारण लागतं.

कारण वेग पुढचा ठरवतो. आपलीच धाप आणि आपलाच निकाल, म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा. आणखी एक नियम होता. पुढच्याने वळून बघायचं नाही. त्यात गूढ काही नाही. कपाळावरचा दिवा मागच्याच्या डोळ्यांत जातो आणि दोन क्षण तो आंधळा होतो. अरुंद वाटेवर दोन क्षण पुष्कळ झाले.

मास्तरांचा मागचा माणूस म्हणजे रेडिओ. हे नाव त्याला का पडलं ते सांगायला नको. चढाई असो, सभा असो, कुणाची शोकसभा असो, तो चालू. मास्तर स्वतः अबोल. दिवसभर रेडिओ ऐकून घरी गेले की तोंडाला कुलूप. बायको गेल्यापासून घरात बाप आणि लेक, दोघंच. लेक शाळेत खेळाची बाई होती. ती चेष्टेने म्हणायची, "बाबा, घरी आलात की तुम्हाला कुठला दर्जा देऊ?" मास्तर बोट वर करून दाखवायचे... चौथा. मुका. मग दोघं हसायचे. त्या घरात एवढा विनोद महिनाभर पुरायचा.

तर आमच्या साहेबांच्या मनात आलं की पर्यटकांसाठी रात्रीची चढाई सुरू करायची. उन्हात आपल्या बेटावर कुत्रंही चढत नाही. रात्री निघावं, वर सूर्योदय बघावा, खाली येऊन हॉटेलात बिल भरावं. कल्पना चांगली होती. साहेबांनी पाहुणे बोलावले, फोटोवाला ठरवला, पहिल्या तुकडीत शाळेच्या मुली न्यायच्या ठरवल्या, कारण फोटोत मुली बऱ्या दिसतात. मुलींना नेणार मास्तरांची लेक. सगळं ठरलं. कोणत्या वाटेने जायचं तेवढं राहिलं. आधी कळस मग पाया अशी म्हण आहे; आमच्याकडे पाया खणायच्या आधी कळसाला दुसरा रंग लागलेला असायचा.

वाटा दोन. डांबरी रस्ता संपतो तिथे पत्र्याची शेड आहे, तिच्यामागून दोन्ही फुटतात. ओढ्याची वाट म्हणजे ओले दगड, मनगटाएवढी मुळं, जळवा, आणि दोन ठिकाणी दोराला लोंबकळणं. वर पोचेपर्यंत माणसाचा चिखलाचा गोळा होतो, पण पोचतो. मास्तर आणि रेडिओ ती आदल्या सोमवारी रात्रीच चढून आले होते. रेडिओचे शब्द-शब्द झाले होते. म्हणजे कठीण. दांड्याची वाट डोंगराच्या सोंडेवरून जाते, कोरडी, उघडी. खालून सरळ दिसते, जशी भिंतीला लावलेली शिडी. तिला दर्जा द्यायचा राहिला होता. नियम असा की लोक ज्या वेळी चढणार त्याच वेळी परीक्षा घ्यायची. साहेब म्हणाले, "मग त्याच रात्री घ्या. तुम्ही पुढे जा, मुली शेडमध्ये थांबतील. सोपी निघाली तर वरून दिवा दाखवा, त्या निघतील. नाही दिसला दिवा, तर ओढ्याने जातील. आहे काय त्यात!" आणि जाता जाता हसून म्हणाले, "मास्तर, तुमचं वय वाढतं तसे आमचे डोंगर अवघड होत चाललेत. जरा सांभाळून."

सगळे हसले. मास्तरही हसले. पण ते वाक्य त्यांना लागलं, हे मला कळलं, कारण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला. निघताना मला म्हणाले, "आता माझ्या छातीचं मी ऐकणारच नाही. रेडिओ काय बोलतो तेवढंच ऐकेन. तो सांगेल तो दर्जा."

मार्चची एकोणीस तारीख. गुरुवार सरून शुक्रवार लागला होता. चंद्र केव्हाच बुडालेला. वारा पडलेला. असा पडलेला की शेडच्या पत्र्यावर पाल चालली तरी ऐकू यावी.

मुली शेडमध्ये कोंडाळं करून बसल्या होत्या. कुणाचे बूट नवे, कुणाला भूक, कुणाला आई आठवत होती, एकीला सगळंच. मास्तरांनी लेकीला दिव्याची खूण समजावली. दांड्यावर चढ संपतो तिथे एक सपाट खांदा आहे, तो शेडमधून दिसतो. तिथून दिवा आडवा हलला की निघायचं. वर फोन लागत नाही.

"आणि काही असेल तर?" तिने विचारलं.

"काही असेल तर दिवाच नाही."

ती म्हणाली, "सावकाश जा, बाबा. पाहुण्यांना सूर्य एक दिवस उशिरा दिसला तर काही बिघडत नाही."

मास्तर आणि रेडिओ निघाले. दांडा सुरू होतो तिथे, पहिल्याच चढाला, रेडिओ थांबला.

"मास्तर, तुम्ही व्हा पुढे. बुटाचं तोंड उघडलंय, बांधून आलोच."

"बुटाचं आणि तुझं. दोन्हीतलं एक तरी मीट."

"बूट मिटतो हो!"

मास्तर पुढे झाले. वळण घेतलं. थोडं चढले. मागून आवाज आला, "आलो हो, मास्तर." आणि रेडिओ सुरू झाला.

त्याची ठरलेली गोष्ट होती, मेव्हण्याच्या फ्रिजची. मास्तरांनी ती इतक्यांदा ऐकली होती की त्यांना त्याच्या आधी हसू यायचं. मेव्हण्याने जुना फ्रिज आणला. दार उघडलं की आतला दिवा विझतो आणि लावलं की लागतो, असं त्याचं म्हणणं. रेडिओ विचारतो, "लावल्यावर तुला दिसतो कसा?" मेव्हणा म्हणतो, "आत बसून बघितलं."

चढ वाढला. मास्तरांच्या पोटऱ्या भरून आल्या. छाती भात्यासारखी वरखाली. एका जागी दोन्ही हात टेकावे लागले. मनात आलं, ही तर कठीण आहे. मग साहेबांचं वाक्य आठवलं. मागे रेडिओ निवांत बोलत होता. अख्खी अख्खी वाक्यं. मधे हसत होता. मेव्हण्याच्या आवाजाची नक्कलसुद्धा करत होता.

मास्तरांनी मनात म्हटलं, म्हातारा झालो.

आणखी वर. वाट अरुंद झाली. दिव्याचा उजेड पुढच्या दोन पावलांवर पडत होता, त्यापलीकडे काळोख. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत. निदान कडेला गवत तरी आहे, असं त्यांना वाटलं. हवा हलत नव्हती. मास्तरांच्या तोंडातून आता नुसता आवाज येत होता, दार घासल्यासारखा. त्यांना "जपून" म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही.

रेडिओ बोलत होता. त्याच लयीत. त्याच आवाजात.

"...तर मेव्हणा आत बसला, मास्तर. दार लागलं. दिवा लागला की नाही ते त्यालाच ठाऊक. मग दार उघडायला कुणी आलंच नाही."

मास्तरांचं पाऊल जरा थबकलं. गोष्ट इथपर्यंत कधी यायची नाही. मेव्हणा 'आत बसून बघितलं' म्हणायचा आणि सगळे हसायचे. तिथे संपायची.

"आत काळोख असतो हो. हाका मारल्या त्याने. किती दिवस मारल्या. मग हाका मारायचं सोडलं आणि नुसता बोलत बसला. एकट्याला करमत नाही, मास्तर. बोलायला कुणीतरी लागतं."

"काका..." मैत्रीण म्हणाली. पुतण्याने तिला गप्प केलं.

मास्तरांना वाटलं, रेडिओने नवा शेवट जोडला असेल. जोडतो तो. त्यांनी पाय उचलला. खांदा जवळ आला होता. पायांखाली जरा सपाट झालं. खाली, फार खाली, शेडचा दिवा दिसत होता. टाचणीच्या डोक्याएवढा.

"पोचलो की," मागचा आवाज म्हणाला. "गोष्टीची वाट आहे, मास्तर. एकदासुद्धा अडलो नाही बघा. दाखवा दिवा."

नियमाने त्याचं बरोबर होतं. मागचा अडला नाही. गोष्ट तुटली नाही. मास्तरांच्या तोंडात रक्ताची चव होती. पण ते त्यांचं वय. दर्जा रेडिओचा.

"पोरी वाट बघतायत. दाखवा ना."

मास्तरांनी कपाळावरचा दिवा काढला. हातात धरला. आडवा हलवला. दोनदा.

खालून उत्तर आलं. शेडमधला दिवा तसाच आडवा हलला.

आणि मग शिट्टी आली.

दोन बोटं तोंडात घालून मारतात ना, तशी. लांबलचक, शेवटाला वर चढणारी. ती शिट्टी अख्ख्या खात्यात एकाच माणसाला यायची. रेडिओला.

ती खालून आली होती. शेडमधून.

मास्तर नंतर मला म्हणाले, "मला आधी वाटलं, प्रतिध्वनी असेल." पण शिट्टी मागे वाजलीच नव्हती. मागे बोलणं चालू होतं. शिट्टी वाजत असतानाही चालू होतं.

"...छान. आता येतील. एकामागोमाग एक येतील. किती आहेत हो पोरी? असू देत. जागा आहे."

मास्तर उभे राहिले. दिवा हातात. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं... जे पहिल्या चढालाच यायला हवं होतं. तीस वर्षं ज्यांनी माणसांची धाप ऐकली, त्यांना ते कळलं नव्हतं. खालपासून इथवर, एवढ्या बोलण्यात, मागच्याने एकदाही...

एकदाही श्वास घेतला नव्हता.

खाली शेडपाशी ठिपके हलले. एक. मग आणखी. रांग झाली. कपाळावरचे दिवे. दांड्याकडे वळले.

परतायची वाट मागेच होती. आवाजाच्या बाजूला. तिकडे तोंड करावं लागणार होतं. मास्तर मला म्हणाले, "लेक नसती तर मी उजाडेपर्यंत तिथेच उभा राहिलो असतो. डोळे मिटून." 

ते वळले.

उजेडात वाट. गवत. कोणी नाही.

एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

"सावकाश, मास्तर."

पुन्हा मागे. आता वरच्या बाजूने.

त्यांनी ओरडायचा प्रयत्न केला. लेकीचं नाव. आवाज फुटला नाही. चढताना सगळी हवा संपली होती, उरलेली भीतीने नेली. ते उतरू लागले. घसरत. बसत. जिथे वाट अरुंद होती तिथे आले. तोल गेला म्हणून हात कडेच्या गवतात रोवला.

हात खाली गेला. खांद्यापर्यंत गेला. गवताखाली काही नव्हतं.

त्यांनी दिवा तिकडे धरला. गवत दांड्याच्या धारेला धरून बाहेर वाढलेलं. नुसतं लोंबत होतं. खाली उजेड पोचलाच नाही. दुसरीकडे धरला. तिकडेही तेच. मधे वीतभर माती. ज्यावरून ते गोष्ट ऐकत आले होते.

मुली तिथून येणार होत्या. नव्या बुटांनी. एकमेकींशी बोलत.

ते घोड्यावर बसतात तसे त्या धारेवर बसले. एक पाय इकडे, एक तिकडे. सरकू लागले. आवाज जवळ आला. आता गोष्ट नव्हती. विनवणी होती.

"थांबा ना. कुठे निघालात? सोपी आहे. तुम्हीच दिवा दाखवलात."

मास्तर सरकत राहिले.

"एकटा असतो हो."

आणि पाठीवर हात पडला.

थंड नव्हता. ऊनही नव्हता. नुसता हात. मधोमध टेकलेला. ढकलत होता की धरून ठेवत होता... ते मास्तरांना अजून सांगता येत नाही. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "दोन्ही."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. धार संपली. पायाला जमीन लागली. हात सुटला. मास्तर धावले, पडले, उठले, धावले. खालून मुलींचा आवाज येत होता. गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. सगळ्यांत पुढे लेक.

"बाबा? तुम्ही खाली कशाला आलात?"

मास्तर तिच्यासमोर उभे राहिले. वाट अडवून. तोंड उघडलं. मिटलं. उघडलं.

"काय झालं? बोला ना. रेडिओकाका तर केव्हाचे शेडमध्ये आहेत, पाय मुरगळलाय त्यांचा. मला वाटलं, तुम्ही एकट्याने बघून दिवा दाखवलात..."

मास्तरांच्या तोंडातून नुसती हवा.

"बाबा, लागलंय का कुठे?"

हवा.

मागे मुली चुळबुळ करू लागल्या. "बाई, चला ना." "बाई, थांबलो का?" लेक बापाकडे बघत होती. तिने दिवा त्यांच्या चेहऱ्यावरून खाली घेतला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिला बाप बोलला नाही याची सवय होती. पण हा मुकेपणा घरचा नव्हता. हा दर्जा होता. तिच्या बापाने आयुष्यभर माणसांच्या तोंडून वाटा वाचल्या. तिने ती वाट त्याच्या तोंडावर वाचली.

"वळा," ती म्हणाली. "सगळ्या. आत्ता. ही वाट मुकी आहे."

एकच कलकल झाली. "बाई, एवढं चढलो!" "बाई, फोटो?" "बाई, माझे बूट फुकट गेले!" शाळेतल्या मुली त्या. आणि तेवढ्यात एक बारकी, जरा कडेला उभी राहून वर बघत होती, ती म्हणाली,

"पण बाई... ते वरचे काका तर म्हणतायत, सोपी आहे, या."

कलकल थांबली.



वारा नव्हता. गवत हलत नव्हतं. लेकीने नंतर मला सांगितलं, ऐकलं तिनेही होतं. शब्द नीट कळले नाहीत. पण कुणीतरी बोलत होतं. अगदी आरामात. जसं ओट्यावर बसून बोलावं.

"त्यांना कुणी उत्तर द्यायचं नाही," ती म्हणाली. "पुढचीचा खांदा धरा. चला."

मुली पुढे. मग मास्तर. लेक सगळ्यांत शेवटी, बापाच्या मागे. मास्तरांनी मान हलवून नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. ती उतरेपर्यंत एकदाही वळली नाही. मोठ्याने पाढे म्हणायला लावले तिने मुलींना. सतराचा, एकोणिसाचा, जे अवघड ते. वरचं ऐकू येऊ नये म्हणून.

शेडमध्ये रेडिओ बाकावर पाय पसरून बसला होता. घोटा सुजून कलिंगड. "मास्तर, बूट बांधून उठलो तो दगडावरून पायच गेला. हाका मारल्या मी तुम्हाला. तुम्ही वळणापलीकडे हसत होतात. मला वाटलं, भेटलं असेल कुणीतरी वाटेत. म्हटलं, चला, मास्तरांना सोबत झाली." मग त्याने मास्तरांचं तोंड बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, रेडिओ त्या रात्री पहिल्यांदा आपणहून बंद झाला. सकाळपर्यंत.

पुढचं काय, कचेरीतलं. साहेब खवळले, पाहुण्यांनी सूर्योदय हॉटेलच्या गच्चीवरून बघितला, फोटोत तो तिथूनही तेवढाच आला. मास्तरांना बोलायला दोन दिवस लागले. बोलले तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही, की दांडा मुका ठरवला. साहेबांनी कारण विचारलं. मास्तर म्हणाले, "मागच्याला बोलता येत होतं. म्हणून." साहेबांना वाटलं, ऊन लागलंय. पण पाटी लागली. मी टाइप केली.

"आणि तो... तो कोण होता?" पुतण्याने विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

ते मला माहीत नाही. मास्तरांना माहीत नाही. दांड्यावरून कुणी पडल्याची खात्यात नोंद नाही. आणि ज्याची हाक कुणी ऐकली नाही त्याची नोंद कोण करणार? मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.

उतरताना लेक मागे होती, तिचा दिवा बापाच्या पाठीवर पडत होता. सदरा घामाने चिंब. गळ्यापासून कमरेपर्यंत काळा पडलेला. मधे एवढी जागा सोडून. शेडमध्ये आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, सदरा काढा." काढला. तिने बघितलं, आणि दुसरा घालायला दिला. तो जुना तिने तिथेच जाळला.

सदऱ्यापुरतं काम झालं.

परवा दुपारी मी मास्तरांकडे गेलो होतो. निवृत्त होऊन ते आता गावाबाहेर राहतात, तळमजल्याला. जिना नको म्हणतात. पंखा बंद होता. उकाडा तुम्हाला ठाऊकच आहे. मास्तर उघडे बसले होते, माझ्याकडे पाठ करून, खिडकीशी. लेक आतून पंचा घेऊन आली, त्यांचे खांदे पुसले, कंबर पुसली. मधली पाठ पुसली नाही. पंचा उचलून नेला पलीकडे. सवयीने.

डॉक्टरांना दाखवून झालंय. त्यांनी एक लांबलचक नाव सांगितलं. नाव सापडलं की डॉक्टरांचं समाधान होतं.

मी खुर्ची जरा पुढे ओढली. मास्तर म्हणाले, "बघ. सगळेच बघतात."

कातडी धडधाकट. डाग नाही, वण नाही. खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधे एवढीच जागा, कोरडी ठणठणीत. पंजा. बोटं लांब, माझ्यापेक्षा लांब, आणि खालच्या दिशेला, जसं कुणी वरून वाकून हात टेकावा.

मानेवरून घामाचा एक ओघळ निघाला. सरळ खाली आला. पंजाच्या कडेशी थांबला... आणि एकेका बोटाला वळसा घालून, हळूहळू, खाली गेला.